कोरालचा पूर्वरंग : न गायलेल्या शब्दांविषयी

मराठी रसिकाच्या मनात 'ऑर्गन' या शब्दासरशी जे वाद्य उभे राहते, ते संगीत नाटकाच्या साथीचे, पायाने भाता मारत वाजवायचे वाद्य होय. बालगंधर्वांच्या पदांमागे भरून राहिलेला तो सूर आपल्या ओळखीचा आहे. त्या वाद्यात हवेच्या झोताने धातूच्या पट्ट्या कंप पावतात. प्रस्तुत लेखातला ऑर्गन मात्र नळ्यांचा आहे. तो चर्चच्या माडीवर उभा असतो. एका अर्थी तो त्या इमारतीचाच भाग असतो. बोटाएवढ्या नळीपासून दोन पुरुष उंचीच्या नळीपर्यंत शेकडो, क्वचित हजारो नळ्या त्यात असतात. वादकाच्या हातांसाठी दोन-तीन कीबोर्ड एकावर एक रचलेले, आणि पायांसाठी खाली लाकडी पट्ट्यांचा आणखी एक. विजेचे युग येण्यापूर्वी त्याचे भाते तुडवायला माणसे लागत, म्हणजे एकट्याने रियाज करावा म्हटले तरी दुसऱ्याच्या पायांचे श्रम आवश्यक होते.

या वाद्यासाठी सतराव्या-अठराव्या शतकांतल्या जर्मन संगीतकारांनी एक छोटा रचनाप्रकार घडवला. त्याला 'कोराल-प्रिल्यूड' म्हणतात. 'कोराल' म्हणजे ल्यूथरपंथी मंडळींनी एकत्र गायचे भक्तिगीत. ते गीत सुरू होण्यापूर्वी ऑर्गनवादक त्याच चालीवर आधारलेली एक रचना वाजवी. तिने मंडळींना चाल आठवे, पट्टी कळे आणि गीताच्या भावाची तयारी होई. आम्ही या प्रकाराला 'कोरालचा पूर्वरंग' म्हणू इच्छितो. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा श्रोत्यांच्या ओळखीचा एक अभंग घेतात आणि त्याचे निरूपण करतात. ऑर्गनवादकही ओळखीचे एक गीत घेऊन त्याचे निरूपणच करतो. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की या निरूपणात एकही शब्द उच्चारला जात नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार महत्त्वाचा वाटावा तो याच कारणाने. ज्या भाष्यात मूळ संहिता उद्धृतच होत नाही, ते भाष्य कोणाच्या भरवशावर उभे असते? उत्तर उघड आहे : ज्यांना ती संहिता पाठ आहे त्यांच्या. मग ती पाठ असणारी माणसे उरली नाहीत, तर त्या भाष्याचे काय होते? कोराल-पूर्वरंगाचा इतिहास हे या प्रश्नाचे एक दीर्घ उत्तर आहे.

या इतिहासाची सुरुवात संगीतापेक्षा भाषेत आहे. मार्टिन ल्यूथरने १५२३ च्या अखेरीस आपला स्नेही गेओर्ग श्पालाटिन याला एक पत्र लिहिले. लोकांसाठी लोकभाषेत स्तोत्रे हवीत, ती रचायला कवी हवेत, आणि त्या कवींनी दरबारी, नवथर शब्द टाळून साध्या माणसाला कळतील असे शब्द वापरावेत, असा त्या पत्राचा आशय आहे. मराठी वाचकाला ही तळमळ परकी वाटू नये. पुढच्याच वर्षी, १५२४ मध्ये, अवघ्या आठ गीतांची एक पुस्तिका छापली गेली आणि त्याच वर्षी योहान वाल्टरचा मोठा संग्रह विटेनबर्ग येथे निघाला. यातली काही गीते जुन्या लॅटिन स्तोत्रांची रूपांतरे होती. 'नून कोम, डेर हायडेन हायलांट' हे येशूच्या आगमनाचे गीत संत अँब्रोझच्या नावे असलेल्या लॅटिन स्तोत्रातून ल्यूथरने जर्मनमध्ये आणले. चाली काही चर्चच्या परंपरेतल्या होत्या, काही नव्या, काही लौकिक गाण्यांच्याही.

पुढच्या दीडशे वर्षांत ही गीते घरांत, शाळांत, प्रेतयात्रांत आणि रविवारच्या उपासनेत इतकी मुरली, की चालीचे पहिले तीन-चार स्वर कानी पडताच शब्द आपोआप आठवावेत. आरंभी मंडळी वाद्याच्या साथीविनाच गात. सतराव्या शतकात ऑर्गनची साथ हळूहळू रूढ झाली. सामुएल शाइट या संगीतकाराचा 'टाबुलाटुरा नोव्हा' हा ग्रंथ १६२४ चा. त्यात कोरालच्या चालींवर विस्ताराने केलेल्या विद्वत्तापूर्ण रचना आहेत. त्याच शाइटने १६५० मध्ये गोर्लिट्झ येथे शंभर गीतांना साधी, स्वरसंगती जुळवलेली रूपे देणारे पुस्तक काढले. पांडित्याचा विस्तार आणि मंडळींची सोय ही दोन टोके, आणि कोराल-पूर्वरंग या दोहोंच्या मधल्या जागेत वाढला. योहान पाखेलबेल १६७८ मध्ये एरफुर्टच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक झाला, तेव्हा गीतापूर्वी त्या गीताच्याच चालीवर आधारलेला पूर्वरंग वाजवणे हे त्याच्या नेमणुकीच्या अटींत होते. निरूपण ही आता वादकाची मर्जी राहिली नव्हती, ते नोकरीतले कर्तव्य झाले होते.

याच पाखेलबेलचा एक शिष्य योहान क्रिस्टोफ बाख. आईवडील वारल्यावर दहा वर्षांचा धाकटा भाऊ त्याच्याकडे ओअरड्रुफ गावी राहायला आला. तो धाकटा म्हणजे योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०). कर्तव्य आणि मर्जी यांतला ताण या धाकट्याच्या आयुष्यात लौकरच उघडा पडला. आर्नश्टाट येथे ऑर्गनवादक असताना, १७०५ च्या शरद ऋतूत, त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि थोर वादक बुक्सटेहूडे याला ऐकण्यासाठी तो उत्तरेकडे ल्यूबेकला गेला. हे अंतर सुमारे चारशे किलोमीटर, आणि परंपरा सांगते की ते त्याने पायी तोडले. चार आठवड्यांचे जवळजवळ चार महिने झाले. परतल्यावर, फेब्रुवारी १७०६ मध्ये, धर्ममंडळाने त्याला बोलावून जाब विचारला. त्या चौकशीचे टिपण आज उपलब्ध आहे. रजेपेक्षा जास्त राहिल्याचा ठपका त्यात आहेच. पण आम्हांस रस वाटतो तो दुसऱ्या आरोपात. कोराल वाजवताना तो चमत्कारिक फेरफार करतो, परके स्वर मिसळतो आणि त्यामुळे मंडळी गोंधळून जातात, असा तो आरोप आहे. त्याच कामकाजात गायकवृंदाच्या विद्यार्थी-प्रमुखाची तक्रारही नोंदली गेली : बाख आधी फार लांबलचक पूर्वरंग वाजवी, वरिष्ठांनी टोकल्यावर तो दुसऱ्या टोकाला गेला आणि फारच आखूड वाजवू लागला!

या प्रसंगाकडे 'अरसिक अधिकारी आणि प्रतिभावंत तरुण' अशा ठरीव साच्यातून पाहण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. धर्ममंडळाची तक्रार साहित्यसमीक्षेच्या दृष्टीने अगदी गंभीर आहे. भाष्याखाली संहिता दिसेनाशी झाली, तर ते भाष्य कशाचे? मंडळींना गीत सापडले नाही तर पूर्वरंग कशाचा पूर्वरंग? आमच्या मते पुढच्या दहा वर्षांत बाखने या आक्षेपाला जे उत्तर दिले, ते वादाने दिलेले नसून रचनेतून दिलेले आहे. ते उत्तर म्हणजे 'ऑर्गेलब्यूखलाइन', अर्थात 'ऑर्गनची छोटी वही'.

१७०८ मध्ये बाख वायमारच्या ड्यूककडे ऑर्गनवादक म्हणून रुजू झाला आणि तेथे १७१७ पर्यंत राहिला. या वर्षांत त्याने एक वही आखली. चर्चच्या वर्षक्रमाने, आगमनकाळापासून नाताळ, नववर्ष, दुःखसहन, पुनरुत्थान असे करीत, त्याने १६४ कोरालांची नावे पानांच्या माथ्यावर लिहून ठेवली. बहुतेक गीतांसाठी एकच पान. प्रत्यक्षात पूर्ण झाल्या ४६ रचना. बाकीची पाने नुसती नावे मिरवीत कोरी राहिली. पुढे क्योथेन येथे गेल्यावर त्याने वहीला मुखपृष्ठ लिहिले. नवशिक्या ऑर्गनवादकाला कोराल नाना तऱ्हांनी कसा फुलवावा याचे मार्गदर्शन मिळावे आणि त्याबरोबर पायांच्या कीबोर्डाचा सराव घडावा, असा हेतू त्यात त्याने सांगितला आहे. पायांचा भाग येथे ऐच्छिक नाही हेही बजावले आहे. ही वही म्हणजे एका अर्थी क्रमिक पुस्तकच.

वहीतली युक्ती अशी : बहुसंख्य रचनांत कोरालची चाल वरच्या स्वरात, सलग, जवळजवळ अविकृत वाजते. ती कोणाच्याही नजरेआड होत नाही. निरूपण चालते ते तिच्या खाली, उरलेल्या आवाजांत. प्रत्येक रचनेसाठी बाख एक लहानशी स्वराकृती निवडतो आणि ती शेवटपर्यंत सोडत नाही. संहिता वर, भाष्य खाली. आपल्या पोथ्यांत मूळ आणि टीका एकाच पानावर असतात, तसेच काहीसे. आर्नश्टाटच्या मंडळींना येथे गीत हरवल्याची तक्रार करता आली नसती.

उदाहरणे पाहू. लाझारुस श्पेंगलरचे १५२४ चे गीत आदामाच्या पतनाविषयी आहे : त्याच्या पडण्याने सारी मानवजात नासली. या गीतावरच्या रचनेत (बीडब्ल्यूव्ही ६३७) पायांचे स्वर पुन्हा पुन्हा वरून खाली कोसळतात. ती उडी सप्तकाला थोडी कमी पडणारी, कानाला टोचणारी आहे. दोन उड्यांमध्ये पोकळी आहे. मधले आवाज अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी वळवळत सरकतात. कित्येक अभ्यासकांना त्यात सर्प दिसला. वर चाल मात्र शांतपणे आपल्या वाटेने चाललेली. 'इन डुल्ची युबिलो' (बीडब्ल्यूव्ही ६०८) या नाताळगीतात चाल एका आवाजात सुरू होते आणि तीच चाल मागोमाग दुसरा आवाज घेऊन येतो. साथीचे आवाजही एकमेकांचा असाच पाठलाग करतात. आनंद एकट्याचा नसतो, तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असे काही ती रचना सांगते असे आम्हांस वाटते.

तिसरे उदाहरण सर्वांत सूक्ष्म आहे. 'ओ मेन्श, बेवाइन डाइन झ्यूंड ग्रोस' (बीडब्ल्यूव्ही ६२२) हे माणसाला त्याच्या पापाबद्दल रडायला सांगणारे गीत झेबाल्ट हायडेनचे. येथे बाख अपवाद करतो : वरची चाल अलंकारांनी इतकी नटवतो, की ती आलापीसारखी लांबत जाते. गीताच्या पहिल्या कडव्याचा शेवट, ख्रिस्ताने क्रुसावर दीर्घकाळ भार वाहिला, या अर्थाचा आहे. आणि 'दीर्घकाळ' हा अर्थ देणारा शब्द मूळ जर्मनमध्ये अगदी शेवटी येतो. त्या जागी बाखने 'आदाजिस्सिमो', म्हणजे अतिविलंबित, अशी सूचना लिहिली आहे आणि तोवरच्या स्वरसंगतीतून अनपेक्षितपणे दूर नेणारा एक स्वरसमूह ठेवला आहे. शब्द ठाऊक असलेल्या श्रोत्याला येथे काळ थांबल्यासारखे वाटते. शब्द ठाऊक नसलेल्याला रचना संपताना संथ झाली इतके कळते. दोघांनी एकच रचना ऐकली असे म्हणता येईल काय?

हे वाजवायचे कसे, तेही पाहिले पाहिजे, कारण अर्थाचा काही भाग वाजवण्यातच ठरतो. 'इख रूफ त्सू डीर' (बीडब्ल्यूव्ही ६३९) ही रचना घ्या. निराशेतून देवाला हाक मारणारे, श्रद्धा टिकावी म्हणून विनवणारे हे गीत. वहीतली ही एकमेव तीन आवाजांची रचना. उजवा हात एका कीबोर्डावर चाल वाजवतो, डावा हात दुसऱ्या कीबोर्डावर अखंड वाहणारे लहान स्वर, आणि पाय खाली सम गतीने पडणारे स्वर, बहुधा एकच स्वर दोन-तीनदा, चालत्या पावलांसारखे किंवा ठोक्यांसारखे. दोन कीबोर्डांना वेगवेगळ्या नळ्या जोडता येतात, त्यामुळे चाल निराळ्या कंठातून आल्यासारखी उठून दिसते. कोणत्या नळ्या निवडायच्या हे बाख क्वचितच लिहून ठेवतो. ते वादकाने गीत ओळखून ठरवायचे. दुसरी अडचण अशी, की ऑर्गनचा स्वर बोटाच्या दाबाने लहानमोठा होत नाही. पट्टी दाबली की नळी एकाच जोराने वाजत राहते, सोडली की थांबते. पियानोवादक ज्या आघाताने शब्दावर जोर देतो तो आघात येथे नाही. मग जोर द्यायचा कसा? स्वर किंचित आधी सोडून, दोन स्वरांमध्ये श्वासाएवढी फट ठेवून. म्हणजे ऑर्गनवादकाचे वक्तृत्व त्याच्या मौनात असते, आणि ही मौने कोठे ठेवायची हे त्याला गीताची ओळ सांगते. कोठे चरण संपतो, कोठे स्वल्पविराम, कोणत्या शब्दावर थांबायचे, हे मनात गीत म्हणत वाजवणाऱ्यालाच कळते.

हा आमचा तर्कविलास नव्हे. बाखचा शिष्य योहान गॉटहिल्फ झिग्लर याने १७४६ मध्ये हाल्ले येथील एका पदासाठी अर्ज केला. त्यात त्याने लिहिले, की कोराल वरवर न वाजवता शब्दांच्या भावानुसार वाजवावेत अशी शिकवण मला माझ्या गुरूंकडून मिळाली. बाख तेव्हा हयात होता. गुरूची शिकवण शिष्याने नोकरीसाठी पात्रता म्हणून मांडावी, याचा अर्थ ती सर्वांनाच साधत नव्हती.

१७५० नंतर हा सारा व्यवहार विरत गेला. कोरालवर रचना होत राहिल्या, पण त्यांना पूर्वीचे केंद्रस्थान उरले नाही. गीते गायली जात होती, पण त्यांची भाषा जुनी वाटू लागली आणि संग्रहांतून ती सुधारून छापली जाऊ लागली. ऑगस्ट १८४० मध्ये मेंडेलसोनने लायप्झिगच्या थोमास चर्चमध्ये बाखच्या स्मारकासाठी ऑर्गनचा कार्यक्रम केला. त्यात एक कोराल-पूर्वरंगही होता. जागा चर्चचीच होती, तरी तो कार्यक्रम तिकिटाचा होता, आणि पूर्वरंगानंतर कोणी गीत गाणार नव्हते. पूर्वरंग येथे स्वतःच कार्यक्रम झाला. १८९८ मध्ये फेरुच्चो बुझोनीने दहा कोराल-पूर्वरंग पियानोसाठी रूपांतरित करून प्रसिद्ध केले, आणि ते चर्चबाहेर, दिवाणखान्यात आले. संगीत दूरवर पोहोचले. शब्द मागे राहिले.

याच दशकात पॅरिसमध्ये घडलेला एक प्रसंग आम्हांस या इतिहासाचा कळस वाटतो. शार्ल-मारी विदोर हा सँ-स्युल्पिस चर्चचा ख्यातनाम ऑर्गनवादक. बाखच्या फ्यूग त्याला स्फटिकासारख्या स्पष्ट वाटत. पण कोराल-पूर्वरंगांपाशी तो अडखळे. एका विचारातून दुसऱ्यात बाख मध्येच का उडी घेतो, याचा संगीताच्या तर्काने त्याला उलगडा होत नसे. त्याने ही अडचण आपल्या आल्ससमधल्या तरुण शिष्याला सांगितली. शिष्य म्हणाला, ते अस्पष्टच राहणार, कारण त्यांचे स्पष्टीकरण गीतांच्या शब्दांत आहे. विदोरने एकेक रचना पुढे ठेवली आणि शिष्याने त्या-त्या गीताचे शब्द फ्रेंचमध्ये सांगितले. तो शिष्य म्हणजे अल्बर्ट श्वाइट्झर. पाद्र्याचा मुलगा, ही गीते ऐकतच वाढलेला. फ्रान्सचा एक श्रेष्ठ ऑर्गनवादक आणि त्याचा शिष्य यांच्यात येथे जो फरक पडला तो संगीतज्ञानाचा नव्हता, बालपणी पाठ झालेल्या कवितांचा होता. या संभाषणातून श्वाइट्झरचा ग्रंथ जन्मला. १९०५ च्या त्याच्या फ्रेंच आवृत्तीच्या शीर्षकात बाखला 'संगीतकार-कवी' म्हटले आहे.

श्वाइट्झरच्या मांडणीवर पुढे आक्षेप आले आणि ते योग्य होते. अमुक स्वराकृती म्हणजे दुःख, तमुक म्हणजे आनंद, असा कोशच त्याने रचला. कोश हाती आला की ऐकण्याची गरज संपते. कवितेच्या प्रतिमांचे तक्ते करणाऱ्या आमच्या परीक्षोपयोगी मार्गदर्शकांची येथे आठवण व्हावी. उलट बाजूने आणखी एक प्रश्न येतो. आंद्रेई तारकोव्हस्कीच्या 'सोलारिस' (१९७२) या चित्रपटात 'इख रूफ त्सू डीर' वाजते. अवकाशस्थानकावरचा माणूस आणि त्याला मागे सोडून आलेली पृथ्वी यांच्यामधले अंतर त्या स्वरांनी भरून जाते. ते पाहून हेलावणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना मूळ गीत ठाऊक असते. मग शब्द नकोतच का?

आमचे म्हणणे असे : व्याकुळता पोहोचते, संदर्भ पोहोचत नाही. हाक ऐकू येते. कोणाला आणि कशासाठी, ते कळत नाही. तारकोव्हस्कीने त्या रिकाम्या जागी आपली कथा ठेवली आणि ती जागा पुन्हा भरली. ती एक श्रेष्ठ निर्मिती आहे, पण तिच्यामुळे बाखने केलेले वाचन पुन्हा हाती येत नाही. ते यायचे असेल तर कविताच शोधावी लागते.

हा प्रश्न मराठीच्या वर्गात रोज उभा राहतो. लग्नाच्या मांडवात सनईवर ओळखीचा अभंग सुरू झाला, की ऐकणाऱ्याच्या ओठांवर शब्द येतात. ज्याला अभंग येत नाही त्याला गोड सूर मिळतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यानंतर मराठी मंडळींसाठी जी भजने रचली, त्यांत अभंग-ओवीची वळणे राखली, ती याच पाठांतराच्या भरवशावर. मर्ढेकरांपासून अरुण कोलटकरांपर्यंतची आधुनिक कविता संतवाणीशी जे बोलते, तेही वरची चाल वाचकाच्या कानात वाजत आहे असे धरूनच. ती वाजत नसेल तर खालच्या आवाजांचा अर्थ शिक्षकाला सांगावा लागतो, आणि सांगितलेला संदर्भ आणि पाठ असलेला संदर्भ यांत विदोर आणि श्वाइट्झर यांच्याएवढे अंतर असते. तरीही विदोरने विचारले आणि ऐकून घेतले, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर त्याला या रचना निराळ्या ऐकू आल्या.

बाखची ती वही आज बर्लिनच्या राज्यग्रंथालयात आहे. कोऱ्या पानांच्या माथ्यावर नुसती गीतांची नावे. ते एवढेच पुरे होते, कारण नाव वाचताच पुढचे सगळे आठवेल याविषयी लिहिणाऱ्याला शंका नव्हती. एकविसाव्या शतकात विल्यम व्हाइटहेड या ब्रिटिश ऑर्गनवादकाच्या पुढाकाराने त्या ११८ गीतांसाठी आजच्या संगीतकारांकडून नवे पूर्वरंग लिहवून घेण्यात आले. त्यांतल्या प्रत्येकाला केवळ नाव पुरणार नव्हते. स्वर लिहायला बसण्यापूर्वी त्याला ते गीत मिळवून वाचावे लागणार होते.